प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं यंत्र

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. काय लिहिणार होते? पण काल गाझियाबादला जाऊन आले आणि आता गप्प बसवत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेतून फोन आला होता. फिल्टर बनवणार होती त्या कंपनीबरोबरच्या कराराची मुदत संपली, यंत्र परत आणायचंय, घरचं कुणी येणार का? गेले. कंपनीच्या गोदामाच्या कोपऱ्यात तुमचं फिल्टरचे दाणे पाडायचं यंत्र उभं होतं. त्यावरचं प्लास्टिक तसंच होतं, आणि प्लास्टिकवर तुम्ही स्वतः काढलेलं कुंकवाचं स्वस्तिकही. एकदासुद्धा चालवलं नाही हो त्यांनी ते!

किती वर्षं घालवलीत त्या पांढऱ्या दाण्यांपायी! पाण्यातलं फ्लोराइड ते शोषून घेतात, तुरटीच्या पाण्यात धुतले की पुन्हा कामाला लागतात. वीज नको, मिस्त्री नको. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये पहिलं फिल्टर तुम्ही ओट्यावर मांडलंत, तेव्हा आई किती वैतागली होती! आपल्या नळाला फ्लोराइड नव्हतंच. "चव तर बघायला हवी ना," म्हणालात.

हरियाणातल्या त्या गावात मला एकदाच नेलंत. रामरतीची नात पिंकी दारात बसली होती, तिथल्या पाण्यातल्या फ्लोराइडनं पाय गुडघ्यातून वाकलेले. रामरतीनं विचारलं, "साहब, मशीन कब आएगी?"

"अगले साल. बिल्कुल."

मग करार आला. माझं ऑफिसातलं काम कागद वाचायचंच, म्हणून तुम्ही मसुदा माझ्यापुढे ठेवलात. "नीट बघ गं मनू. ते बनवतील ना?" मी चहा पिता पिता वाचला. हे दाणे दुसऱ्या कुणी बनवायचे नाहीत, असं कलम होतं. कंपनीनं बनवलेच पाहिजेत, असं कुठेही नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नाही, बाबा! "अच्छा आहे, करा सही," म्हणाले. कंपनीची स्वतःची पाणी शुद्ध करायची विजेवरची महागडी मशीन्स खपत होती. तुमचं स्वस्त फिल्टर त्यांना बाजारात यायलाच नको होतं.

आणि हे तुम्हाला कळलं होतं! गोदामाच्या गेटवरचा म्हातारा गार्ड काल म्हणाला, "आप साहब की बेटी हैं? हर महीने आते थे. घंटा भर बैठते, पानी पीते, चले जाते." आत कुणी घेतच नव्हतं तुम्हाला. घरी मात्र सांगायचात, लायब्ररीत गेलो होतो. का? मला वाईट वाटू नये म्हणून? ओरडायला हवं होतं तुम्ही माझ्यावर. निदान मी काही धावपळ तरी केली असती.

परत आल्यावर रामरतीला फोन लावला. "पिंकी अब उठती नहीं, बेटा," ती म्हणाली. "छोटी के भी पैर मुड़ने लगे हैं."

बाबा, तुमचं ते पहिलं फिल्टर मयूर विहारच्या माझ्या ओट्यावर अजून चालू आहे. जगातलं एकुलतं एक, आणि तेही गरज नसलेल्या घरात! रविवारी ते काढून मी रामरतीकडे लावणार आहे. दाणे कसे धुवायचे ते धाकटीच्या आईला शिकवीन. पिंकीला आता त्याचा काही उपयोग नाही. तिनं विचारलंच, इतकी वर्षं का लागली, तर कंपनीचं नाव घेणार नाही. कागद मी वाचला होता, एवढं सांगेन.

तुमचीच,
मनू