घोड्याचा स्क्रू

खेळणी तपासणाऱ्या साहेबांस,

महाल भागातल्या दुकानदारानं सेलच्या झाकणाले स्क्रू नसलेला गाण्याचा घोडा विकला, अशी तक्रार माह्या पोरानं, सुशीलनं केली. तुमी दुकान बंद केलं. पण स्क्रू होता, साहेब. चांगला घट्ट होता. घोड्याचं गाणं रडाले लागलं म्हणून मीच सुरीनं तो काढला, सेल उन्हात तापवले आन् झाकण नुसतंच दाबलं. नातीनं सेल तोंडात टाकला. मी बोट घालून काढला, म्हणून वाचली.

सून काजल म्हणते, "आत्याबाई, तुमची चूक असती तं पोरगी पाळणाघरात टाकली असती." म्हणून हे पत्र माह्या कपड्याच्या पेटीतच राहील.

घोडा तुमच्याजवळ हाय. झाकणावर सुरीचे ओरखडे हायेत. इतके शिकलेले तुमी, तुमाले ते काहून दिसत नाही?

नातीची आजी,
पार्बताबाई, बेसा