न्हायतर

बाई,

परवा मी तुमचा एक शब्द काढून टाकला. तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तेव्हा कळवायचं म्हणजे काय आणि कुठे, ते विचारू नका. तुम्ही विचारलं असतंच म्हणा, चष्मा कपाळावर ढकलून.

अलिबागचं ऑफिस अजून तिथेच आहे. खाली झेरॉक्सवाला, वर आपण. कामही तेच. शाळेच्या पुस्तकाचा मजकूर एकच, पण छापील पानावर त्याचं रूप वेगळं, मोबाइलवर वेगळं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवणाऱ्या यंत्रासाठी आणखी वेगळं. हे रूप कसं बदलायचं ते कॉम्प्युटरला सांगायची भाषा तुम्ही मला शिकवलीत, आणि ती भाषा म्हणजे नुसते टोकदार कंस. एक साधी गोष्ट सांगायची तर आधी कंस उघडा, मग बंद करा, मग जे उघडलं ते संपलं म्हणून पुन्हा कंस. पहिल्या आठवड्यात मला स्वप्नातही कंस दिसायचे. मी रडकुंडीला आले की तुम्ही म्हणायचात, "मोठ्याने वाच गं. मनात वाचलं की सगळंच बरोबर वाटतं."

एका रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात आपण दोघी पाटावर बसलोय, मध्ये परातीत कोमट पाण्यात मोड आलेले वाल, आणि माझ्या मांडीवर छापून आणलेली पानं. तुम्ही वाल सोलताय आणि मी वाचतेय, "कंस उघडा, निवड, कंस बंद, कंस उघडा, जेव्हा..." तुम्ही कपाळाला हात लावलात, ओल्या हातानेच. "अगं, सालं कशाला वाचतेस? सालं टाक, डाळिंबी ठेव." मग पानं माझ्या हातून ओढून घेतलीत आणि तुम्हीच भराभर वाचायला लागलात. "धडा आला की नाव मोठं कर. चित्र असंल तर मधी घे, न्हायतर मजकूर वर सरकव." एरवी ऑफिसात तुमचं बोलणं किती स्वच्छ, पण घाईने वाचताना तळा तालुक्यातल्या माहेरची बोली तोंडात यायची. मला हसू आलं. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "हसू नको, सोल." त्या दिवशी मला ती भाषा पहिल्यांदा कळली. बिरडंही झकास झालं होतं.

बोलणी खाल्ली तीही याच शब्दावरून. चित्र असेल तर काय करायचं ते मी लिहिलं होतं, नसेल तर काय ते लिहायचं राहून गेलं, आणि बिनचित्राचे सगळे धडे पुस्तकातून गायब झाले. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "न्हायतर कुठे गेलं? असलेल्याची सोय कुणीही करतं. नसलेल्याचं काय करायचं, ते आधी लिहायचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुपारी तुम्हीच चहा आणून ठेवलात.

तुम्ही गेलात तेव्हा मी आले होते. सगळ्या रडत होत्या, मी चपला ओळीत लावत बसले. घरी येऊन जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. वाटलं, येईल रडू मागाहून. आलंच नाही. अजूनही आत हात घालून बघते तर काही हाताला लागत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मध्यंतरी ऑफिसने ठरवलं की लिहायची एखादी सोपी रीत काढायची, म्हणजे ज्यांना कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही त्या संपादकांनाही वाचून तपासता येईल. कंस नकोत, सरळ मराठी ओळी. आपण लिहायचं आणि आतल्या आत कॉम्प्युटर त्याचे जुने कंस करून घेईल. काम माझ्याकडे आलं. सगळे म्हणाले, किती विचार केला असशील! विचार कसला डोंबलाचा. तुम्ही वाल सोलताना जसं वाचलंत तसं आठवून उतरवून काढलं. सालं टाकली. न्हायतरसुद्धा तसाच ठेवला.

मग ऑफिसात पनवेलची एक नवी मुलगी आली, हुशार, तोंडाने फटकळ. म्हणाली, "मॅडम, हे न्हायतर टायपो आहे का? क्लायंट हसेल ना यार. अन्यथा करू या." तिचं चूक नव्हतं. मी म्हटलं, करू या. मीच बसून केलं. सगळ्या जुन्या फायलींतही बदललं, एकही ठेवला नाही. मग डबा खाल्ला. काही वाटलं नाही बाई, खरंच काही वाटलं नाही.

आज सकाळी तिला एक नवं पुस्तक सांगत होते. मी सांगतेय, ती टाइप करतेय. तक्ता आला की असं कर, चित्र असेल तर मध्ये घे, न्हायतर... माझ्याच तोंडून गेलं. तिनेही ऐकलं तसं लिहिलं. स्क्रीनवर लाल ओळ आली: "न्हायतर: हा शब्द ओळखीचा नाही." ती ओळही माझीच, मीच कधीतरी लिहून ठेवलेली. मुलगी हसून म्हणाली, "बघा, तुम्हीच चुकलात." मी खुर्चीतून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली झेरॉक्सवाला कुणाशी तरी भांडत होता. तुमचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही. शब्द आठवतात, चष्मा आठवतो, ओले हात आठवतात, आवाज न्हाय. नसलेल्याचं काय करायचं ते मी आधी लिहिलं नव्हतं.

ती जेवायला गेल्यावर मी न्हायतर परत घातला. या नव्या रीतीच्या छापलेल्या माहितीपत्रकात तो नाही, तिथे अन्यथाच आहे. पण कुणी चुकून लिहिलाच, तर कॉम्प्युटर आता काही बोलत नाही, निमूट ओळखतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. चालू आहे ना ते बघायला म्हणून दुपारपासून तीनचारदा उगाच लिहून बघितला.