मागच्या बाकावरच्या बाई

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, पण नमस्कार पूर्ण केला आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचं ब्लडप्रेशर आणि दादाचा आवाज, दोन्ही ताब्यात आहेत ना? तुमच्या इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबताना अजून हिसका देत असेल, तर तिथल्या मेकॅनिकला ब्रेक बघायला सांगा. तो ‘मोटर गेली’ म्हणेल. ऐकू नका. मोटर ठणठणीत आहे, हे मी इथे बसून सांगतो. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे कालपर्यंत होतं. आता आहे की नाही तेच मला कळेनासं झालंय, आणि मला एखादी गोष्ट कळत नाही असं मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही, तेव्हा हे पत्र वाचून फाडून टाका.

मी लिफ्टचं काम सोडून शाळेत शिकवायला लागलो तेव्हा दादा म्हणाला होता, “तुझं वर-खाली करण्यातच बरं चाललं होतं.” त्याला कारण मी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतो. एकदा एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत एक शाळकरी मुलगी होती, एकटी. मी दाराच्या फटीतून तिच्याशी बोलत काम करत होतो. अडकलेल्या माणसांनी मला जन्मभर एकच प्रश्न विचारला : “कधी चालू होणार?” ही पोरगी रडणं थांबवून म्हणाली, “काका, ही खाली का पडत नाही?” वहिनी, हातातला पाना हातातच राहिला. मी तिला दोर, वजन, ब्रेक, सगळं समजावून सांगितलं. लिफ्ट चालू झाली, दार उघडलं, तरी ती बाहेर येईना, कारण तिचे प्रश्न संपले नव्हते. (तिची आई मात्र माझ्या अंगावर ओरडली.) त्या दिवशी ठरवलं, उरलेलं आयुष्य असे प्रश्न ऐकण्यात घालवायचं. बाहेरून पदवी घेतलेली होतीच, तीसुद्धा कुणाची शिकवणी न लावता. दुसऱ्या धंद्यात मुरलेल्या माणसांना शिक्षक करायची एक योजना निघाली, तीत शिरलो. मुलाखतीला बाकड्यावर माझ्या शेजारी एक बँकवाले होते आणि एक नर्सबाई. बँकवाले आता वर्गात मुलांना “पुढचे!” अशी हाक मारतात असं ऐकतो. नर्सबाईंचा वर्ग म्हणे त्यांनी नुसतं बघितलं तरी बरा होतो.

योजनेच्या लोकांनी सांगितलं होतं की शाळेत प्रत्येकाला एक सोबती मिळेल, सोबती वर्गात येऊन बसेल आणि दोघांनी एकमेकांच्या आधाराने चालायचं. कल्पना मला पटली. लिफ्टवरही माणसं जोडीनेच जातात. कळणारा माणूस पुढे, काम करतो. नवखा मागे, बघतो, आणि सांगितलं की टॉर्च धरतो. तर पहिल्याच दिवशी चष्मा लावलेल्या एक बाई आल्या, माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील, आणि गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसल्या. म्हटलं, आलं लक्षात. ही बिचारी नवखी दिसते.

मग मी त्यांना आधार द्यायला सुरुवात केली. मी कुठलंही काम अर्धं करत नाही हे तुम्ही जाणताच. वर्गातले बाक वाकडेतिकडे होते (इतकी वर्षं तिथे कुणाच्या डोळ्यांना ते खुपलं नाही, कमाल आहे), ते दोरी लावून सरळ रेषेत घेतले. दोरीचं दुसरं टोक बाईंना धरायला दिलं, आणि “ताणून धरा, ढिली नको” हेही समजावलं. त्यांनी ताणून धरली. खडू संपले की त्यांना आणायला पाठवायचो. आणायच्या. मधल्या सुट्टीत चहा घेताना धीर द्यायचो : “घाबरू नका बाई, सुरुवातीला सगळ्यांचेच पाय लटपटतात. माझं बघून बघून येईल.” त्या चहात बघत म्हणायच्या, “हो, लटपटतात खरे.” एकदा तर म्हणाल्या, “तुम्ही फार छान समजावता. पण कुणाला?” मी म्हटलं, “मुलांना, आणखी कुणाला?” आणि मनात म्हटलं, हिला अजून साध्या गोष्टी कळत नाहीत, वेळ लागेल.

माझा वर्ग मात्र तेलपाणी केलेल्या मशीनसारखा शांत. मी शिकवायचो, “कळलं?” म्हणायचो, सगळी मुलं एका आवाजात “हो सर!” म्हणायची आणि पुन्हा शांत. आमच्या धंद्यात आवाज येत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे. फक्त ज्यासाठी मी आलो तो प्रश्न काही कुणी विचारेना. वाटायचं, इतकं नीट सांगितल्यावर विचारायला उरतंच काय. तरी रोज घरी जाताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

काल मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, माझा तास बघायला येणार होत्या. मला पुढे ठेवायचं की नारळ द्यायचा, ते यावरून ठरणार होतं. (माझ्या जुन्या जागेवर दुसरा माणूस बसलाय आणि त्याने माझी हत्यारं मोडीत काढलीयत, तेव्हा परतीचं दार बंद.) मी मुद्दाम लिफ्टच घेतली. फळ्यावर अशी आकृती काढली की तिच्यावरून लिफ्ट बसवता आली असती. दोर, चाक, दुसऱ्या टोकाचं वजन, दोर तुटला तर रूळ पकडणारे जबडे, सगळं प्रमाणात. “कळलं?” म्हटलं. “हो सर!” मोठ्या बाईंनी मान डोलावली. आणि नेमका त्याच क्षणी मागच्या बाकावर हात वर. आमच्या सोबतीणबाई! “सर, मला कळलं नाही. ही खाली का पडत नाही?”

वहिनी, धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. सगळं सांगून झाल्यावर हे? मी शक्य तितक्या मायेने म्हटलं, “बाई, तुम्हाला मी नंतर सांगतो, मुलांसमोर कशाला?” मुलं हसली. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. ती उठून म्हणाली, “सर, मला पण नाही कळलं.” तिच्या मागची म्हणाली, “मला तर दोर कुठे बांधलाय तेच नाही कळलं.” मग बघता बघता अख्ख्या वर्गाचे हात वर. “सर, दोन दोर तुटले तर?” “सर, वजन पडलं तर?” “सर, तुम्ही कधी पडलात?” एवढ्या तक्रारी मी एका ठिकाणी, एका दमात कधी ऐकल्या नव्हत्या, आणि त्याही तपासणीच्या दिवशी! मी घामाघूम होऊन उत्तरं देत होतो, आकृती पुसून पुन्हा काढत होतो (प्रमाण गेलं खड्ड्यात), एका पोराला वजन केलं आणि एकीला लिफ्ट. घंटा झाली तरी कुणी उठेना.

मोठ्या बाई जाताना सोबतीणबाईंना म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं. सोमवारी सांगा.” मी विचारलं, यांनी का सांगायचं? तेव्हा कळलं की या बाई इथे कधीपासून शिकवतात त्याची शाळेलाच मोजदाद नाही, आणि त्यांना माझ्यासाठी नेमलंय. मला शिकवायला! मला! मी म्हटलं, “मग बाई, तुम्ही बोलला का नाहीत?” म्हणाल्या, “तुम्ही विचारलंच नाहीत.” आणि दाराशी थांबून, “आज पहिल्यांदा तास झाला.”

तेव्हापासून मी हे वाक्य उलटंसुलटं करून बघतोय. म्हणजे आधीचे झाले नव्हते? की आजचा झाला? कौतुक होतं की टोमणा? तुमच्या धाकट्या जावेला विचारलं, तर म्हणाली, “मला काय विचारता, मला तर कधी बोलू देता का?” यालाही काय म्हणावं कळेना.

बाकी ठीक. दादाला नमस्कार.

आपला आज्ञाधारक
धाकटा दीर

ता. क. : तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, म्हणून विचारतो (मला अंदाज आहेच, फक्त खात्रीसाठी) : शिक्षक लोक असं वाक्य बोलतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो? सोमवारच्या आत फोन करून सांगा. आणि दादा घरात नसताना करा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. बाई आत्ता शाळेच्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “सोमवारची कसली वाट बघता? पुढच्या वर्षीही आपण बरोबरच आहोत. उद्या माझ्या तासाला या, मागच्या बाकावर बसा.” तेव्हा फोन नाही केलात तरी चालेल.

ता. क. तिसरा : कराच. काही कळलं नाही तर हात वर करा, असं त्यांनी बजावलंय. वहिनी, कुठला हात करतात, डावा की उजवा?