धारंचं गाणं

रंगू,

गाडी आली, निघतो. वैरण टाकलीया. तू धार काढत हुतीस म्हणून हाक मारली न्हाई. तुजं तोंड बघितलं असतं तर पायच निघाला नसता.

गुडघ्याचं आपरेशन करताना कमरंखाली बधिर करणार, पर मी जागाच. पळायचं म्हटलं तरी पळता यायचं न्हाई. डॉक्टर म्हणला, कानात आवडीचं गाणं लावा, दुखणं आन् भ्या कमी हुतं. म्हणून धार काढताना तू गुणगुणतीस, ते फोनात भरून घेतलंय. चाळीस वर्सं 'गप की गं' म्हणत आलो, ते मनावर घिऊ नगंस.

काल सूनबाईला धारंला बसवून म्हशीला तेच ऐकवलं. म्हटलं, तुज्याबिगर म्हशीनं पान्हा सोडला तर तुला संगट सांगलीला न्यावं. तर तिनं बादलीच लाथाडली.

म्हस काय फसली न्हाई. आता मी फसतो का बघू.

गुंडा