ब्रॉनी म्हणाली म्हणून

३ मे, रविवार
दुरुस्ती. ७ मार्चला बालीहून मी लिहिलं होतं की सहाही नवे दात उत्तम बसले आणि अजिबात दुखलं नाही. ती नोंद दवाखान्याच्या खुर्चीतच लिहिली होती. तेव्हा ओठ, जीभ आणि हनुवटी बधिर होती. तरी ते वाक्य ‘अजून कळायचं आहे’ असं वाचावं.
त्याच बैठकीत दवाखान्याच्या पानावर मी पाच तारेही दिले. ते काढून घेता येतात. पण तिथल्या मदतनीस बाईंनी मला शहाळं आणून दिलं होतं, स्ट्रॉ लावून. शहाळं पिऊन तारे परत मागणं बरं दिसत नाही.
सध्या: ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते. मागच्या दाढा एकमेकींना भेटत नाहीत. डावीकडची हिरडी जरा लाल. (जरा नाही. लाल.)
निश्चय: एक आठवडा थांबायचं. दात नवीन आहेत, त्यांनाही घर ओळखीचं व्हायला हवं.

५ मे, मंगळवार
ऑफिसात एका आजोबांचा अर्ज परत केला. तारखेचा रकाना रिकामा होता. नियम म्हणजे नियम. ‘सही’ म्हणताना शिट्टी वाजली आणि त्यांचा कुत्रा उठून उभा राहिला.
संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं की त्यांनीही बालीचं तिकीट काढलंय. ५ जून. माझाच दवाखाना. वरचे सगळेच्या सगळे दात घासून बारीक करून त्यांवर नवे चढवायचे. मी म्हटलं, बाबा, आधी नीट चौकशी करा की. तर म्हणाले, चौकशी कसली करतेस पोरी, तू वाचलंस ना सगळं? आपल्या घरात वाचणारी तूच. आम्ही शॅम्पूच्या बाटलीवरचंही वाचत नाही.
हे खरं आहे. कोळशाच्या खाणीत डंपर चालवणाऱ्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझ्या पदवीदानाच्या फोटोत बाबा खोकताहेत असं वाटतं. ते खोकत नव्हते. दात दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला होता. प्रत्येक फोटोत धरतात.
आज सांगणारच होते. पण ते हसले, आणि हात वर गेला नाही. उद्या सांगते.

१० मे, रविवार
मदर्स डे. आईला फोन, दूर डार्विन शहरात. मागून तिच्या नव्या नवऱ्याने विचारलं, शिट्टी कोण मारतंय? मी म्हटलं, लाइन खराब आहे.
नॅरेल आत्याही बालीला निघाली. सोबत तिच्या बोल्स क्लबातला, हिरवळीवर चेंडू घरंगळवणारा नेव्हिल, त्याची बायको आणि तिची बहीण. बाबा धरून पाच. आत्या म्हणाली, तुझ्या बापाला एकट्याला सोडलं तर तो घोड्याचे दात बसवून येईल, वर म्हणेल स्वस्तात मिळाले.
मी म्हटलं, सगळ्यांचे दात सारखे नसतात गं. आत्या म्हणाली, झाली सुरू कुरकूर.
आमच्या घरात कुरकूर करणाऱ्याला कुणी चहा विचारत नाही. मी कुरकूर करत नव्हते. शास्त्रीय माहिती देत होते.

१४ मे, गुरुवार
डॉ. पेट्रोविचकडे गेले. गावातल्या एकुलत्या एक दंतवैद्य, म्हणून मार्चपासून त्यांना दुकानात पाहिलं की मी पुढच्या रांगेत वळत होते. त्यांनी आरसा घातला आणि बघितलं. मग म्हणाल्या, हे दात बसवले आहेत की पार्क केले आहेत?
क्राउन, म्हणजे दातांवर चढवलेल्या टोप्या, फार जाड आणि उंच. हिरडीत जंतू. एका दाताचं रूट कॅनाल करावं लागेल. काय करायचं ते त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं: बालीहून एक्स-रे आणि सगळी कागदपत्रं मागवायची. फोटो काढून ठेवायचे. तक्रार लेखी करायची. घाईने कुणाला काही घासू द्यायचं नाही. घासलेला दात पुन्हा उगवत नाही. आणि ओळखीचं कुणी तिथे जात असेल, तर त्याला आजच सांगायचं.
पाचपैकी चार गोष्टींना मी लगेच लागते आहे. ऐंशी टक्के. म्हणजे डिस्टिंक्शन.

१९ मे, मंगळवार
बालीहून उत्तर. हमी आहे, पण काम तिथेच येऊन करून घ्यायचं, तिकीट माझं. एक्स-रेंबद्दल अक्षर नाही. मात्र पाच पाहुणे पाठवल्याबद्दल मनापासून आभार, आणि मला दात पांढरे करून देण्याची भेट.
माझे सहाही पुढचे दात चिनी मातीचे आहेत. ते आणखी पांढरे होत नाहीत. तरी आभाराचं उत्तर पाठवलं.
बाबांच्या तिकिटांचे नियम मीच वाचले, दुसरं कोण वाचणार. मंगळवार, २ जून, संध्याकाळी पाचपर्यंत रद्द केली तर सगळं परत. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे चिक्कार वेळ आहे.

२२ मे, शुक्रवार
तक्रारीचा अकरावा मसुदा. ‘तक्रार’ फार कडक वाटलं, ‘निरीक्षण’ केलं. ‘हिरडी सुजली’ऐवजी ‘हिरडीने प्रतिसाद दिला’. शेवटी शहाळ्याबद्दल पुन्हा आभार. वाचून पाहिलं तर सहावा तारा दिल्यासारखं वाटतं. बारावा मसुदा उद्या.

२६ मे, मंगळवार
आत्याचं ओट्सचं कडक अँझॅक बिस्किट खाताना सुळ्यावरचा क्राउन निघाला. आत्या समोरच. क्राउन गालात सरकवला आणि बिस्किटाची स्तुती केली. आत्या म्हणाली, मग तोंड उघडून कर की स्तुती.
केमिस्टकडचं तात्पुरतं सिमेंट आणून आरशासमोर बसवला. छान बसला. थोडा तिरका, पण त्यामुळे शिट्टी गेली. प्रगती आहे.

३१ मे, रविवार
मागच्या अंगणात बार्बेक्यू. आजच सांगायचं ठरवूनच गेले होते. मुद्दे कार्डावर, आकडे घालून.
तर आत्याने पिशवीतून बालीचे टी-शर्ट काढले. एकसारखे, बिनबाह्यांचे, शेंदरी. गावातलं कुठलंही टोळकं बालीला असंच जातं, त्यात काही नाही. पण पाठीवर माझा ७ मार्चचा फोटो. सहाच्या सहा दात. खाली छापलेलं: ‘ब्रॉनी म्हणाली म्हणून’.
सॉसेजमागून सॉसेज येत होते. मी फक्त पाव आणि कांदा, तोही उजवीकडून. नेव्हिल म्हणाला, एवढे नवे दात घेतलेस ते काय जपून ठेवायला? सगळे हसले. बाबा नाही हसले. चिमटा घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, पोरी, तू गेले काही आठवडे डावीकडून चावत नाहीस. बरंय ना सगळं?
विचारलं. त्यांनी स्वतः विचारलं.
मी म्हटलं, एकदम.
बाबा म्हणाले, मग झालं. काही असतं तर तू सांगितलंच असतंस. आणि टी-शर्ट अंगात घालून फोटोला उभे राहिले. हात खाली.
कार्ड खिशात ओलं झालं. कांद्याने असेल.

१ जून, सोमवार
सुट्टी. बाबा दिवसभर घरी. तिकिटांची मुदत उद्या, यापेक्षा चांगली संधी नाही.
सकाळी नऊ: गवत कापत होते. मशीन चालू असताना कसं सांगणार.
साडेअकरा: मशीन बंद. पण खूष होते.
दोन: झोपले. झोपलेल्या माणसाला दातांसाठी उठवत नाहीत.
चार: उठले. दारात उभी राहिले. ‘बाबा’ अशी हाक मारली. ते म्हणाले, काय गं? मी म्हटलं, चहा? म्हणाले, टाक.
सात: बॅग भरताहेत. पहिल्यांदाच आरशात बघून दाढी केली. मला विचारलं, नवे दात आले की तुझ्या पदवीचा फोटो पुन्हा काढता येईल का गं? तोच झगा घालून?
आता मात्र पक्कं. मुद्दे नव्या कार्डावर उतरवले. सकाळी सांगता येणार नाही, उद्या दिवसपाळी, ते पहाटे पाचलाच निघतात आणि कामावर जाणाऱ्या माणसाचं डोकं शांत हवं. डंपरमध्ये फोन नेऊ देत नाहीत. खाणीच्या ऑफिसात निरोप ठेवता येतो, पण तो फक्त आणीबाणीसाठी, तसं भिंतीवरच लिहिलंय, आणि मी नियम मोडत नाही. बाबा पावणेसहाला घरी येतात. बूट काढायला पाच मिनिटं. चहाला पाच. पहिला घोट घेतला की बोलायचं, एकही मुद्दा न गाळता, काहीही झालं तरी.
दिवस आणि वेळ दोनदा तपासली, यात दुरुस्ती लागणार नाही: मंगळवार, २ जून, संध्याकाळी पाच पंचावन्न.