पुलापलीकडचा फोक

हापारांडा, २० नोव्हेंबर १९७९

प्रिय आउने ताई,

तू पाठवलेला बेरींचा मुरंबा सिर्क्काने लापशीवर घालून दोन दिवसांत फस्त केला. आठ वर्षांची पोर, पण स्वीडिश इतकी फडाफडा बोलते की माझ्याच चुका काढते.

परवापासून दार वाजलं की मी उघडायला जात नाही. काल पोस्टमन होता, तरी मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी राहिले. ह्या उन्हाळ्यात इथे स्वीडनमध्ये कायदा झाला ना, मुलांवर हात उगारायचा नाही, आईबापांनीसुद्धा. दुधाच्या खोक्यांवर छापून आला. नदीपलीकडे तुमच्या फिनलंडात सगळे हसले. बाबा म्हणाले, "आता स्वीडनची पोरंच आईबापांना बडवणार!" मीही हसले होते. बाबांचा फोक खाऊनच तर आपण दोघी वाढलो.

परवा रविवारी सिर्क्का गोठलेल्या नदीवर चालत गेली. बर्फ जेमतेम बोटभर जाड. मी काठावरून किंचाळले, तर पोरगी वळून हसली. घरी आणून हात उगारला, तशी म्हणते, "आई, इथे मारता येत नाही. खोक्यावर लिहिलंय."

मी तिला पुन्हा कोट चढवला, टोपी बांधली, हाताला धरलं आणि पूल ओलांडून तुझ्या घरी आणलं. तू ड्यूटीवर होतीस. तुझ्या परसातल्या बर्चच्या झाडाचा फोक मी मोडला.

रागाच्या भरात मारलं, असं लिहिता आलं असतं, ताई. पण राग पुलावरच निवला होता. वाटेत तिने विचारलं, "मावशीकडे वेलचीचा पाव मिळेल?" मी हो म्हणाले. आणि तरी मारलं.

पोटऱ्यांवर वळ आहेत. शुक्रवारी शाळेत पोहायचा तास. सिर्क्काच मला म्हणते, "घाबरू नकोस, मी पडले म्हणून सांगेन." आठ वर्षांची पोर मला सांभाळून घेतेय.

उद्या सकाळी मी स्वतः तिच्या शाळेतल्या गुन्वोरबाईंना सगळं सांगणार आहे. पुढे काय होईल, पोरीला माझ्यापासून नेतील का, काही कळत नाही. पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. मला माझीच खात्री वाटेनाशी झालीय. पुन्हा कधी मी तिला अशी हाताला धरून तुझ्या दारात आले, तर काही विचारू नकोस. आधी तिला आत घे आणि कडी लाव. मी बाहेर कितीही दार ठोठावलं, तरी उघडू नकोस.

तुझीच,
लेम्पी