आधी जेवण, मग सिनेमा

माय, येत्या रविवारी मी एका मुलीले जेवायले आणि सिनेमाले घेऊन जाणार आहे. स्थळ तुझ्या भावानंच आणलं. मुलगी आपल्याच भागातली, नांदुऱ्याकडची. इथं सुरतेत एका दवाखान्यात नर्स आहे, आत्याकडे राहते. दोन्ही घरच्यांनी पाहणं-बिहणं उरकलं, होकारही दिला. मुलगी मात्र म्हणाली, एक डाव त्यांच्यासंगं बाहेर जाऊ द्या, मग माझं काय ते सांगीन. मामानं फोनवर मले बजावलं, "भाच्या, आता पोरी भेटून नाही राह्यल्या. जास्त बोलू नोको. अन् सातवीतून शाळा सोडली हे तं सांगूच नोको." मी तिले ते पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं.

बेत आखताना अडलं एकाच ठिकाणी, आधी जेवण का आधी सिनेमा. खोलीत आपल्या गावचाच एक जण संगं राहते. तो म्हणाला, "आधी सिनेमा, बे. जेवताना बोलायले काही तं पाहिजे. नाही तं तू काय तिले साडीच्या घड्या सांगशीन?" मी इथं साड्यांच्या मिलमध्ये घड्या घालतो. तू गेल्यावर मी नागपूर पाहिलं, पुणं पाहिलं, हैदराबाद पाहिलं. कुठंच टिकलो नाही. शेठचा आवाज जरा बदलला, की त्यानं काढायच्या आधी मीच पिशवी भरतो.

सिनेमा म्हटलं की मले अजून नांदुऱ्याचं टॉकीजच दिसते. कापसाची वेचणी सरली की तू मले घेऊन बाजाराले जायची, आणि बाजारासंगं दुपारचा सिनेमा ठरलेला. गावातल्या आणखी बाया असायच्या. हॉटेलात आपण कधी बसलो नाही, भाकरी बांधलेली असायची. सोनाळ्याची शेवटची एसटी सिनेमा संपायच्या आधीच सुटायची, म्हणून आपल्या गावचे सगळे शेवट न पाहताच उठायचे. पडद्यावर हिरोले खांबाले बांधलं आहे, आणि तू अंधारात पिशव्या चाचपडून राह्यली आहेस. मागून कोणी तरी ओरडते, "उठले बे सोनाळ्यावाले, म्हणजे आता फायटिंग हाय!" सारं टॉकीज हसते. तू पदर सावरत म्हणते, "हासा लेकहो, तुमचं घर शेजारी हाय म्हणून."

मग एसटीत त्या बाया तुलेच विचारायच्या, "पुढं काय झालं असन वं?" आणि तू शेवट सांगायची, स्वतः पाहून आल्यासारखा. एकदा तर तू हिरोच्या मायले जिवंत केलं. मी म्हटलं, "माय, तिले तं गोळी लागली होती." तू म्हणाली, "दवाखान्यात नेलं मंग. तू खिडकीतून बाहेर पाह्य." पुढच्या सीटवरचे म्हातारे मान वळवून ऐकत होते. तुझ्या सिनेमात भांडलेले भाऊ एका पंगतीत जेवायचे, पोरीचं लग्न तिच्या मनासारखं व्हायचं. पुढं मी मोठ्या शहरांत काही सिनेमे शेवटापर्यंत पाहिले. बरे होते.

आज दुपारच्या सुट्टीत तिचा फोन आला. "आत्या संगं येणार हाय," ती म्हणाली.

"येऊ द्या."

"ते सिनेमात झोपते. घोरते."

"घोरू द्या."

ती हसली. "तुम्ही तं साऱ्यालेच हो म्हणता. एक तरी गोष्ट स्वतः ठरवा. आधी जेवाचं का आधी सिनेमा?"

मी म्हटलं, आधी जेवण.

"काऊन?"

म्हटलं, भूक लागते.

"बरं," ती म्हणाली, "मंग सिनेमा सुटला की सांगीन माझं. तोवर पळून नोका जाऊ."

हॉटेल पाहून आलो. तिकिटं मोबाइलवर काढली, आत्याचं धरून. शर्ट इस्त्रीले टाकला. करण्यासारखं आता काही राहिलं नाही. गाववाला झोपला आहे, म्हणून हे लिहीत बसलो. हा कागद त्याच्या हाती लागायच्या आधी फाडून टाकीन. त्याले मी सांगतो की रविवार कधी येते असं झालं आहे. खरं तर तो येऊच नये असं वाटते. अजून तिनं नाही म्हटलेलं नाही, आणि असे दिवस मले आणखी थोडे पाहिजेत.